धनुष्यबाणाने हरणाची शिकार : नेम कोठे धरावा? — शरीररचना, गतिशास्त्र आणि नीती यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

उत्तर अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणे हा कायद्याने मान्य केलेला आणि शासनाने नियंत्रित केलेला उपक्रम आहे. दरवर्षी शरद ऋतूत लक्षावधी परवानाधारक शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शोधात वनांत जातात. या शिकारीत सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे : हरणावर नेम नेमका कोठे धरावा? या प्रश्नाचे उत्तर केवळ कौशल्याशी निगडित नाही. प्राण्याची शरीररचना, रक्ताभिसरण, ध्वनीचा वेग, गुरुत्वाकर्षण आणि प्राण्याच्या वेदनेविषयी माणसाची जबाबदारी अशा अनेक विषयांचा त्यात संगम होतो. नेम चार बोटे चुकला तर त्याची किंमत प्राण्याला कित्येक तासांच्या यातनांनी मोजावी लागते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात सदर प्रश्नाचा आंतरविद्याशाखीय विचार केला आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'हरीण' हा शब्द सैलपणे वापरला जातो. काळवीट व चिंकारा यांना आपण हरीण म्हणतो. परंतु प्राणिशास्त्रदृष्ट्या ते गवयाद्य कुळातील, म्हणजे गाय-शेळीच्या कुळातील प्राणी होत. त्यांची शिंगे पोकळ असून आयुष्यभर टिकतात. चितळ, सांबर आणि अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण हे मृग कुळातील असून त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात व ती गळून पुन्हा उगवतात. प्रस्तुत विवेचन पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरते मर्यादित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

बंदुकीच्या युगात धनुष्यबाणाची शिकार पुन्हा का सुरू झाली, हे समजून घेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभाकडे जावे लागते. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल या गावी याही जमातीचा अखेरचा ज्ञात वंशज इशी हा बाहेरच्या जगासमोर आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आश्रयाने राहत असताना शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. १९१६ साली इशीचे निधन झाले. परंतु तत्पूर्वी पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य घडविण्याची व शिकारीची विद्या शिकून घेतली होती. १९२३ साली पोप यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या प्राचीन विद्येकडे अमेरिकी समाजाचे लक्ष नव्याने वेधले गेले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला.

याच काळात वन्यजीव संरक्षणाची आर्थिक चौकटही उभी राहत होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळविले. १९७२ साली धनुष्यबाणाचे साहित्यही या कराच्या कक्षेत आले. एकोणिसाव्या शतकातील अनिर्बंध शिकारीमुळे अत्यल्प उरलेली हरणांची संख्या संरक्षणानंतर वाढली, ती इतकी की आता अनेक राज्यांत अतिसंख्या ही समस्या बनली आहे. लांडगा व प्यूमा यांसारखे भक्षक मोठ्या भूभागातून नाहीसे झाले. परिणामी वनातील रोपटी हरणे खाऊन टाकतात, पिकांचे नुकसान होते आणि रस्त्यांवर अपघात होतात. उपनगरांलगत बंदूक चालविणे धोक्याचे असल्यामुळे तेथे संख्यानियंत्रणासाठी धनुष्यबाणाचा मार्ग अवलंबिला जातो. तात्पर्य, ही शिकार केवळ छंद राहिलेली नसून काही प्रमाणात व्यवस्थापनाचे साधन झाली आहे.

बाणाने मृत्यू कसा येतो?

बंदुकीची गोळी प्रचंड वेगाने शरीरात शिरते आणि आपल्या मार्गाभोवतीच्या ऊतींनाही धक्का देऊन फाडते. बाणाचे कार्य मूलतः वेगळे आहे. आधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला साधारणतः ७५ ते ९० मीटर असतो, तर शिकारी बंदुकीच्या गोळीचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो. बाण धक्क्याने मारीत नाही, तो कापतो. त्याच्या टोकावरील पाती वस्तऱ्यासारखी धारदार असतात आणि त्यांच्या मार्गात येणाऱ्या रक्तवाहिन्या छेदल्या गेल्याने रक्तस्राव होतो. मेंदूला होणारा रक्तपुरवठा खंडित होताच प्राण्याची शुद्ध हरपते व मृत्यू ओढवतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, बाणाचा मार्ग रक्ताने समृद्ध अशा अवयवांतूनच गेला पाहिजे. मांडीच्या किंवा पाठीच्या स्नायूतून आरपार गेलेला बाण हरणाला जखमी करतो, पण बहुधा लवकर मारीत नाही. दुसरा असा की, पात्यांची धार बोथट असेल तर रक्तवाहिन्या कापल्या जाण्याऐवजी बाजूला सरकतात आणि अचूक नेमही निष्फळ ठरू शकतो. म्हणूनच नेमाच्या चर्चेत धारेचा विचार अपरिहार्यपणे येतो.

छातीच्या पोकळीची रचना :

हरणाच्या शरीरात वरील अटी पूर्ण करणारा सर्वांत मोठा भाग म्हणजे छातीची पोकळी होय. बरगड्यांच्या १३ जोड्यांनी वेढलेल्या या पोकळीत दोन फुप्फुसे, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. पोकळीच्या मागील बाजूस श्वासपटलाचा स्नायुमय पडदा असतो. त्या पडद्यामागे यकृत, जठर व आतडी असतात. बाजूने पाहिले असता फुप्फुसे व हृदय मिळून होणारे मर्मक्षेत्र साधारणतः २० ते २५ सेंमी व्यासाचे, म्हणजे जेवणाच्या ताटाहूनही लहान असते.

हृदय पोकळीच्या तळाशी, पुढच्या पायाच्या कोपराच्या किंचित वर असते. ते अत्यंत महत्त्वाचे असले तरी आकाराने लहान आहे. नेम थोडा खाली गेल्यास बाण छातीच्या हाडाला घासून जातो अथवा पूर्णतः चुकतो. फुप्फुसे मात्र विस्तृत असून रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याने व्यापलेली असतात. दोन्ही फुप्फुसे भेदली गेल्यास रक्तस्रावाबरोबरच छातीच्या पोकळीत हवा शिरते, फुप्फुसे आकुंचन पावतात व श्वसन थांबते. असे हरीण बहुधा काही सेकंदांत आणि साधारण शंभर मीटरच्या आत कोसळते. याउलट एकच फुप्फुस भेदले गेल्यास दुसरे कार्य करीत राहते व हरीण फार दूरवर जाऊ शकते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक हृदयाऐवजी दोन्ही फुप्फुसांना लक्ष्य मानतात.

या क्षेत्राच्या सीमांविषयी दोन गैरसमज प्रचलित आहेत. पहिला गैरसमज खांद्याच्या हाडांविषयी आहे. पुढचा पाय सरळ खांबाप्रमाणे वर जातो आणि खांद्याचे हाड छातीचा पुढचा सर्व भाग झाकते, असे अनेकांस वाटते. प्रत्यक्षात खांद्याचे पाते वरून खाली येताना पुढे झुकते आणि तेथून दंडाचे हाड मागे वळून कोपरापर्यंत येते. बाजूने पाहता ही रचना आडव्या पाडलेल्या 'व्ही' या इंग्रजी अक्षरासारखी दिसते व तिचे टोक पुढे असते. त्यामुळे पुढच्या पायाच्या मागील कडेच्या सरळ वरचा भाग मोठ्या हाडांपासून मुक्त असतो. दुसरा गैरसमज पाठीच्या कण्याविषयी आहे. कणा पाठीच्या वरच्या रेषेलगतच असतो असा समज असल्यामुळे, उंच लागलेला बाण 'कण्याखालून, पण फुप्फुसांवरून' गेला असे सांगितले जाते. वस्तुतः खांद्याच्या भागात मणक्यांवर उभे लांब अस्थिप्रवर्ध असतात व कण्याचा मुख्य भाग बराच खाली असतो. कणा व फुप्फुसे यांच्यामध्ये रिकामी जागा नसते. असा बाण बहुधा कण्याच्या वरून, स्नायूंतून गेलेला असतो. म्हणूनच ते हरीण पळून जाते.

उपर्युक्त रचनेवरून बाजूने उभ्या असलेल्या हरणासाठी नेमाचा बिंदू निश्चित करता येतो. जवळच्या पुढच्या पायाच्या मागील कडेवरून एक उभी रेषा कल्पावी. पोटाच्या खालच्या रेषेपासून वर, छातीच्या उंचीच्या एक-तृतीयांश अंतरावर या रेषेवर जो बिंदू येतो, तो सामान्यतः योग्य मानला जातो. तेथून बाण किंचित वर वा मागे गेला तरी फुप्फुसांत लागतो आणि थोडा खाली गेला तरी हृदयाजवळ लागतो. चुकीला सर्वाधिक वाव देणारा बिंदू तोच उत्तम, हे येथील मूलतत्त्व होय.

हरणाच्या उभे राहण्याचा कोन :

हरीण नेहमीच बाजू दाखवून उभे राहत नाही. त्याचा कोन बदलला की त्वचेवरील बिंदूही बदलतो. कारण लक्ष्य त्वचेवर नसून शरीराच्या आत असते. बाण जेथे शिरतो त्या जागेइतकाच तो जेथून बाहेर पडेल त्या जागेचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

हरीण तिरके, शिकाऱ्यापासून दूर तोंड करून उभे असेल तर तो कोन अनुकूल समजला जातो. येथे नेम पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने धरावा लागतो. परिणामी बाण अलीकडच्या बाजूस बराच मागे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास शिरतो व पुढे सरकत दोन्ही फुप्फुसांतून जातो. या स्थितीत मोठी हाडे आड येत नाहीत आणि धनुष्य ओढण्याची हालचालही हरणाच्या सहज लक्षात येत नाही. मात्र कोन फार तीव्र झाल्यास बाणाला जठरातून लांबचा प्रवास करावा लागतो. अशा वेळी बाण न सोडणेच इष्ट होय.

तिरके, पण शिकाऱ्याकडे तोंड करून उभे असलेले हरीण प्रतिकूल मानले जाते. येथे खांद्याची हाडे मार्गात येतात. ती टाळण्यासाठी मागे नेम धरल्यास बाण एकच फुप्फुस भेदून यकृत वा जठराकडे जातो. समोरासमोर उभ्या हरणाच्या बाबतीत उपलब्ध जागा अत्यंत अरुंद असते, तर पाठमोऱ्या हरणाच्या बाबतीत मर्मक्षेत्र जवळजवळ संपूर्णपणे झाकलेले असते. मस्तक व मान ही लक्ष्येही प्रशिक्षणात निषिद्ध मानली जातात. मस्तक सतत हलते, मेंदू लहान असतो आणि चुकलेला बाण जबडा वा श्वासनलिका जखमी करून प्राण्याला दीर्घ यातना देतो.

मचाणावरून सोडलेला बाण :

अमेरिकेतील बहुसंख्य धनुर्धारी झाडावर बांधलेल्या मचाणाचा उपयोग करतात. उंचीमुळे गंध व हालचाल हरणाच्या लक्षात येण्याची शक्यता कमी होते. परंतु बाणाचा मार्ग उतरता होतो. याचा परिणाम एका साध्या गणिताने स्पष्ट करता येतो. समजा, धनुष्य हरणाच्या छातीपेक्षा ६ मीटर उंचीवर आहे आणि छातीची रुंदी २५ सेंमी आहे. हरीण झाडाच्या बुंध्यापासून २० मीटरवर असेल तर बाण छाती पार करताना सुमारे ७.५ सेंमी खाली उतरतो. तेच हरीण ६ मीटरवर आले तर बाण ४५ अंशांच्या कोनात जातो व तेवढ्याच रुंदीत २५ सेंमी खाली उतरतो. ही उतरण जवळजवळ संपूर्ण मर्मक्षेत्राच्या उंचीएवढी आहे. म्हणजेच वर शिरलेला बाण पलीकडचे फुप्फुस चुकवून खालून निघून जाण्याचा धोका संभवतो.

म्हणून उंचावरून नेम धरताना प्रवेशबिंदू किंचित वर घ्यावा लागतो, जेणेकरून बाणाची रेषा मर्मक्षेत्राच्या मध्यातून जाईल. हरीण अगदी मचाणाखाली आल्यास ते जितके जवळ तितके सोपे, ही समजूत फसवी ठरते. तेथे कणा वर येतो व दोन्ही फुप्फुसे एकाच रेषेत सापडत नाहीत. तसेच गुरुत्वाकर्षणामुळे होणारी बाणाची घसरण तिरप्या अंतरापेक्षा मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असते. त्यामुळे नेम धरताना आडवे अंतर विचारात घेतले जाते.

ध्वनी, बाण आणि हरणाची प्रतिक्रिया :

स्थिर लक्ष्यावरील सराव आणि जिवंत हरीण यांतील सर्वांत मोठा फरक म्हणजे हरणाची प्रतिक्रिया. प्रत्यंचा सुटताच आवाज होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने तो बाणाच्या कितीतरी आधी हरणापर्यंत पोहोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यापूर्वी पाय दुमडून खाली वाकते. परिणामी योग्य जागी रोखलेला बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो अथवा वरच्या स्नायूत लागतो.

या घटनेची मर्यादा गणिताने आजमावता येते. बाणाचा वेग सेकंदाला ८० मीटर व हरणाच्या प्रतिक्रियेस लागणारा काळ ०.१ सेकंद मानू. शरीर गुरुत्वाकर्षणाने मुक्तपणे खाली येते असेही गृहीत धरू. २० मीटर अंतरावर बाणास ०.२५ सेकंद व ध्वनीस सुमारे ०.०६ सेकंद लागतो. हरणाला हालचालीसाठी जेमतेम ०.०९ सेकंद उरतो व त्या काळात शरीर सुमारे ४ सेंमी खाली येते. ३० मीटरवर हा काळ सुमारे ०.१९ सेकंद होतो व शरीर १७ सेंमी खाली येते. ४० मीटरवर तो सुमारे ०.२८ सेकंद होऊन शरीर ३९ सेंमी खाली येऊ शकते. अंतर दुप्पट झाले असता हालचाल जवळजवळ दसपट होते, हे येथे लक्षणीय आहे; कारण घसरण काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सदर आकडे गृहीतकांवर आधारित असल्याने प्रत्येक हरणाला लागू पडणार नाहीत, तथापि त्यांतून दिसणारी दिशा निःसंदिग्ध आहे.

छातीच्या खालच्या एक-तृतीयांशावर नेम धरण्यामागील दुसरे कारण येथे उलगडते. ३० मीटरच्या आत हरीण स्थिर राहिले तर बाण हृदय व फुप्फुसांच्या खालच्या भागात लागतो. ते खाली वाकले तरी तो फुप्फुसांच्या वरच्या भागात लागण्याची शक्यता राहते. मात्र ४० मीटरवर सावध असलेल्या हरणाच्या बाबतीत कोणताही बिंदू खात्रीचा राहत नाही. धनुर्धारी लाकडी लक्ष्यावर ४० मीटरवरून अचूक नेम साधत असला, तरी त्यायोगे जिवंत हरणावर त्या अंतरावरून बाण सोडणे समर्थनीय ठरत नाही.

बाण लागल्यानंतर :

नेम कोठे लागला याचा निर्णय बहुधा रक्ताच्या खुणांवरून करावा लागतो. फुप्फुसातील रक्त तांबूस-गुलाबी व फेसाळ असते. यकृतातील रक्त गडद असते. जठर वा आतड्यांतून गेलेल्या बाणावर हिरवट-तपकिरी द्रव्य व दुर्गंध आढळतो. या निरीक्षणावर पुढील आचरण अवलंबून असते. फुप्फुसांवर बाण लागला असेल तरी सुमारे अर्धा तास थांबण्याचा संकेत आहे. यकृतासाठी काही तास, तर पोटातील जखमेसाठी आठ ते बारा तास थांबावे, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. जखमी हरीण पाठलाग न झाल्यास जवळच आडोशाला बसते. त्वरित पाठलाग केल्यास ते दूर जाते आणि त्याचा माग हरवतो. पोटात लागलेल्या बाणाने मृत्यू बहुतेक वेळा निश्चित असतो, परंतु तो संथ व क्लेशकारक असतो.

नैतिक व कायदेशीर पैलू :

धनुष्यबाणाच्या शिकारीवरील सर्वांत गंभीर आक्षेप जखमी होऊन न सापडणाऱ्या हरणांविषयीचा आहे. मेरीलँड राज्यातील इंडियन हेड येथील नौदलाच्या परिसरात आधुनिक धनुष्यांनी झालेल्या शिकारीच्या नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्यांच्या हाती आली नाहीत. ही सर्व हरणे मेली असे नव्हे, कारण काही जखमा भरून येतात. तरीही हे प्रमाण उपेक्षणीय नाही, विशेषतः तेथील शिकारी नियंत्रित व्यवस्थेत काम करीत होते हे ध्यानात घेता.

या प्रश्नाकडे निरनिराळ्या समाजांनी निरनिराळ्या दृष्टीने पाहिले आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ चा हरीणविषयक कायदा बाणाने हरीण मारण्यास प्रतिबंध करतो. अमेरिकेत बहुतेक राज्ये परवाना, हंगाम, धनुष्याची किमान ताकद आणि बाणाग्राची किमान रुंदी अशा अटी घालून परवानगी देतात. न्यूयॉर्कसारख्या राज्यात धनुर्धारी शिकाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चितळ, सांबर, काळवीट आदी वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. येथील वाचकाच्या दृष्टीने या विषयाचे मूल्य अभ्यासापुरतेच आहे, हे वेगळे सांगणे नको.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य आहे. भक्षक नाहीसे झालेल्या वनात हरणांची संख्या आटोक्यात ठेवली नाही तर उपासमार व रोगराई यांनी होणारा मृत्यूही यातनामयच असतो. दुसऱ्या बाजूस, साधन म्हणून बाणाच्या मर्यादा भौतिकशास्त्रानेच घालून दिलेल्या आहेत आणि शिकाऱ्याच्या सद्हेतूने त्या ओलांडता येत नाहीत. परवानगी द्यावयाची असेल, तर या मर्यादांचे ज्ञान परवान्याची पूर्वअट असले पाहिजे, हा विचार प्रशिक्षणाच्या सक्तीमागे दिसतो.

समारोप :

हरणावर नेम कोठे धरावा या प्रश्नाचे संक्षिप्त उत्तर 'पुढच्या पायाच्या मागील कडेवर, छातीच्या खालच्या एक-तृतीयांशावर' असे देता येते. तथापि ते उत्तर हरीण बाजू दाखवून अथवा किंचित दूर तोंड करून, शांत आणि जवळ उभे असतानाच खरे ठरते. खांद्याच्या हाडांची ठेवण, कण्याची खोली, मचाणाची उंची आणि ध्वनीचा वेग यांपैकी एक घटक बदलला तरी उत्तर बदलते, आणि काही स्थितींत उत्तरच उरत नाही. समोरून, पाठमोरे, मचाणाच्या थेट खाली किंवा ४० मीटरवर सावध उभे असलेले हरीण दिसल्यास प्रत्यंचा हलकेच सैल करणे हाच शास्त्रसंमत निर्णय होय. ज्या धनुर्धाऱ्याला हा निर्णय घेता येतो, त्याच्याच हाती परवाना असणे प्राण्याच्या आणि समाजाच्या हिताचे आहे.